शब्दाचे शेपूट

पेशवाईच्या इतिहासाशी निगडित अशी एक आख्यायिका आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इ. स. १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. गारद्यांच्या हाती दिलेल्या कागदावर मुळात ‘नारायणरावांस धरावे’ एवढाच मजकूर होता. परंतु आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी ती कथा. कथा खरी असो वा रचलेली असो, ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिने आपल्या भाषेला दिला, आणि एका अक्षराने माणसाच्या नशिबाची कशी उलथापालथ होते, याची आठवण तो आपणांस नित्य देत असतो.

त्या कथेत अक्षर बदलले ते शब्दाच्या आरंभी. इंग्रजी भाषेत हा प्रकार बहुधा शब्दाच्या अखेरीस घडतो. शब्दाचे तोंड तेच, धडही तेच. परंतु शेपूट बदलले की देणारा घेणारा ठरतो, समंजस माणूस हळवा होतो, आणि पिकाचे खत उंदराचे विष बनते.

मागील लेखांकात आम्ही इंग्रजी शब्दांच्या आधी लागणाऱ्या उपसर्गांची ओळख करून दिली होती. आज शब्दांच्या शेवटी लागणाऱ्या प्रत्ययांविषयी चार गोष्टी सांगण्याचा आमचा विचार आहे. हा विषय शाळकरी मुलांचा आहे, असे समजून वडीलधाऱ्यांनी पान उलटू नये, ही विनंती. बँकेचा करारनामा, इस्पितळाचे संमतिपत्र, औषधाचे वेष्टन, खताची पिशवी, अशा अनेक कागदांवर इंग्रजी शब्द आजही आपल्या दारात येतात, आणि त्यांवर सही करणारी किंवा त्यांप्रमाणे वागणारी माणसे घरातील कर्तीसवरती माणसेच असतात.

प्रत्यय म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रथम आपल्या मायबोलीकडेच पाहू. ‘गाव’ हा एक साधा शब्द. त्यापासून ‘गावकरी’ झाला, ‘गावकी’ झाली, ‘गावठी’ झाले आणि ‘गावंढळ’ही झाला. गावकरी म्हटल्याने कोणी रागावत नाही. गावंढळ म्हटले तर मात्र बोलाचाली होईल. ‘तेली’ म्हणजे तेल गाळणारा, आणि ‘तेलकट’ म्हणजे तेलाने माखलेले. मूळ शब्द कोणत्या वस्तूविषयी बोलणे चालले आहे ते सांगतो. त्या वस्तूशी कोणाचा काय संबंध, ते प्रत्यय सांगतो. हे आपण आईच्या मांडीवरच शिकलो, म्हणून त्याचे आपणांस काही वाटत नाही. इंग्रजीत तेच आपणांस डोळे उघडे ठेवून शिकावे लागते.

आणखी एक साम्य पाहण्याजोगे आहे. मराठीने पुष्कळ प्रत्यय फारसीकडून घेतले. दुकानदारातील ‘दार’, गुलामगिरीतील ‘गिरी’, लाचखोरातील ‘खोर’ हे सारे तिकडचे पाहुणे. ते इतके रुळले की अस्सल मराठी ‘भांडणे’ या क्रियापदाला फारसी ‘खोर’ लागून ‘भांडखोर’ हा शब्द तयार झाला, आणि त्याचे कोणासही नवल वाटत नाही. इंग्रजीचेही तसेच झाले. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर कित्येक शतके तेथील दरबारात व न्यायालयांत फ्रेंच भाषा वावरत होती, आणि तिच्यासमवेत लॅटिन प्रत्ययांचीही रीघ लागली. पुढे विद्वानांनी ग्रीक प्रत्यय आणले. म्हणून खाणे या अर्थाच्या ‘ईट’ या घरच्या शब्दाला परका ‘एबल’ लागून ‘ईटेबल’, म्हणजे खाण्याजोगे, असा शब्द झाला. आपला भांडखोर आणि त्यांचा ईटेबल हे एकाच घडणीचे होत.

इंग्रजीचे जे घरचे प्रत्यय आहेत, त्यांपैकी कित्येक एके काळी स्वतंत्र शब्द होते. ‘चाइल्डहुड’ म्हणजे बालपण. त्यातील ‘हुड’चा जुना अर्थ स्थिती किंवा दर्जा असा होता. ‘किंगडम’मधील ‘डम’ म्हणजे निवाडा, आज्ञा. राजाची आज्ञा जेथवर चालते ते राज्य. ‘फुल’ म्हणजे भरलेला, हे तर उघडच आहे. परंतु ‘लेस’ या प्रत्ययाविषयी पुष्कळांची फसगत होते. कमी या अर्थाचा ‘लेस’ हा इंग्रजी शब्द वेगळा, आणि हा प्रत्यय वेगळा. हा प्रत्यय रहित, मुक्त अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दापासून आला आहे. म्हणून ‘केअरलेस’ म्हणजे थोडी कमी काळजी घेणारा नव्हे, तर काळजीचा लवलेशही नसलेला.

याच ‘लेस’ने आणखी एक कोडे घातले आहे. ‘वर्थलेस’ म्हणजे कवडीमोल. परंतु ‘प्राइसलेस’ म्हणजे मात्र अमूल्य. दोन्ही शब्दांत मोल नाही असेच म्हटले आहे. एकात मोल नाही, कारण वस्तू टाकाऊ आहे. दुसऱ्यात मोल नाही, कारण कोणतीही किंमत तिला पुरणार नाही. आपणही ‘बिनमोलाचा’ आणि ‘अनमोल’ यांत असाच भेद करतो. तसेच, ‘शेमफुल’ हे कृत्याचे विशेषण आहे, त्याचा अर्थ लाजिरवाणे; आणि ‘शेमलेस’ हे बहुधा माणसाचे, त्याचा अर्थ निर्लज्ज. लाजिरवाणे कृत्य निर्लज्ज माणूस करतो. एक लाजेने भरलेले, दुसरा लाजेने रिता; पण दोघेही एकाच घरी नांदतात!

‘इश’ या प्रत्ययाला तर मराठीत हुबेहूब जोड आहे. ‘यलोइश’ म्हणजे पिवळसर, ‘स्वीटिश’ म्हणजे गोडसर. हाच ‘इश’ मूल या अर्थाच्या शब्दाला लागला की ‘चाइल्डिश’ होतो, आणि त्याचा अर्थ पोरकट. त्याच शब्दाला ‘लाइक’ जोडले तर ‘चाइल्डलाइक’, म्हणजे बालकासारखा निरागस. एखाद्या वृद्ध गृहस्थास चाइल्डलाइक म्हटले तर तो त्यांचा गौरव ठरतो, आणि चाइल्डिश म्हटले तर ती त्यांची निर्भर्त्सना होते. मूल दोन्हीकडे तेच, शेपूट निराळे.

आता शाळेत जाणाऱ्या आमच्या तरुण वाचकांसाठी एक त्रिकूट. आदर या अर्थाचा ‘रिस्पेक्ट’ हा शब्द घ्या. ‘रिस्पेक्टफुल’ म्हणजे दुसऱ्याला आदर देणारा. ‘रिस्पेक्टेबल’ म्हणजे ज्याला आदर द्यावा असा, प्रतिष्ठित. आणि ‘रिस्पेक्टिव्ह’ म्हणजे आपापला, ज्याचा त्याचा. येथे आदराचा मागमूसही उरलेला नाही. अर्जाच्या अखेरीस ‘आपला आदरपूर्वक’ लिहावयाचे असता जो ‘रिस्पेक्टिव्हली’ लिहितो, तो साहेबांस ‘आपला अनुक्रमे’ असे लिहून मोकळा होतो. अर्ज वाचणारा मनात हसतो, आणि अर्जदाराला त्याचे कारण कधी कळत नाही.

अशा जोड्या इंग्रजीत उदंड आहेत. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस, ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे हळवा किंवा संवेदनशील. ‘इंडस्ट्रियल’ म्हणजे कारखानदारीविषयक, ‘इंडस्ट्रियस’ म्हणजे उद्यमी, कष्टाळू. ‘इमॅजिनरी’ म्हणजे काल्पनिक, ‘इमॅजिनेटिव्ह’ म्हणजे कल्पक. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवहाराविषयीचे, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. ‘ऑफिशियल’ म्हणजे अधिकृत. परंतु ‘ऑफिशियस’ म्हणजे नको तेथे अधिकार गाजविणारा, लुडबुड्या. कचेरीतील अधिकाऱ्याची स्तुती करावी म्हणून कोणी त्यास ऑफिशियस म्हणाला, तर त्याचे काम त्या दिवशी होणे कठीणच.

येथवरच्या चुकांनी फार तर हसे होते. यापुढील प्रत्ययांत मात्र घर, जमीन आणि जीव गुंतलेले आहेत, म्हणून वाचकांनी ते सावकाश वाचावे.

‘अर’ आणि ‘ई’ ही एक जोडी आहे. ‘अर’ लागला की काम करणारा, देणारा. ‘ई’ लागला की ज्याच्यासाठी ते केले, ज्याला ते दिले तो. ‘एम्प्लॉयर’ म्हणजे कामावर ठेवणारा मालक, ‘एम्प्लॉयी’ म्हणजे कामावर ठेवलेला नोकर. विश्वस्ताला आपण सर्रास ‘ट्रस्टी’ म्हणतो. ज्याच्यावर विश्वास टाकला तो ट्रस्टी. ‘कमिटी’ या शब्दाचीही तीच कथा. आरंभी तो शब्द एकाच माणसाला लावीत, ज्याच्याकडे एखादे काम सोपविले आहे अशा माणसाला. पुढे एकाचे अनेक झाले. हा ‘ई’ नॉर्मन लोकांच्या कायद्याच्या फ्रेंच भाषेतून आला, म्हणून कायद्याच्या कागदांत त्याची इतकी गर्दी दिसते.

भारतात १८८२ साली झालेल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ही जोडी ठिकठिकाणी आढळते. त्याच्या ५८ व्या कलमात ‘मॉर्गेजर’ आणि ‘मॉर्गेजी’ यांची व्याख्या आहे. येथे नवखा वाचक हटकून गोंधळतो. एम्प्लॉयी हा दुर्बळ पक्ष असतो, म्हणून मॉर्गेजी म्हणजे कर्ज काढणारा गरीब शेतकरी असावा, असे त्यास वाटते. वस्तुतः उलटे आहे. गहाणखतात जमिनीतील हक्क कोण देतो? शेतकरी. म्हणून तो मॉर्गेजर. तो हक्क कोणाला दिला जातो? बँकेला किंवा सावकाराला. म्हणून ते मॉर्गेजी. पैसा एका दिशेने जातो, हक्क दुसऱ्या दिशेने. आणि कायद्याचा शब्द हक्काच्या मागे धावतो, पैशाच्या नव्हे. त्याच कायद्याच्या १०५ व्या कलमात भाडेपट्ट्याचे ‘लेसर’ आणि ‘लेसी’ आहेत. पट्ट्याने जमीन देणारा मालक तो लेसर, आणि घेणारा तो लेसी. ‘मॉर्गेजीला असा असा अधिकार राहील’ असे एखादे कलम आपल्या करारनाम्यात असेल, तर तो अधिकार आपला नसून समोरच्याचा आहे, हे सही करण्यापूर्वीच ध्यानात आलेले बरे.

धनादेशाच्या चिटोऱ्यावर तर या प्रत्ययांची तीन माणसे एकत्र येतात. १८८१ च्या कायद्याप्रमाणे धनादेश लिहून सही करणारा तो ‘ड्रॉअर’, ज्या बँकेला पैसे देण्याची आज्ञा केली ती ‘ड्रॉई’, आणि ज्याच्या नावे पैसे द्यावयाचे तो ‘पेयी’. धनादेश परत आला आणि बँकेच्या कागदावर ड्रॉअरच्या सहीविषयी काही लिहिलेले असले, तर दोष लिहून देणाऱ्याच्या सहीत आहे, पैसे घ्यावयास गेलेल्याच्या नव्हे, हे शब्दाच्या अखेरीवरूनच उमगते.

‘नॉमिनी’ हा शब्द तर खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. त्याचा अर्थ, ज्याचे नाव दिले तो. एवढाच. तो वारस झाला, मालक झाला, असे या शब्दात कोठेही नाही. बँकेतील ठेवीच्या बाबतीत आपल्या न्यायालयांनी हेच सांगितले आहे. ठेवीदाराच्या पश्चात बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते. परंतु त्यामुळे इतर वारसांचा हक्क बुडत नाही. भावाभावांत, दिरा-भावजयांत या एका शब्दापायी अबोला धरण्यापूर्वी त्याचे शेपूट तेवढे पाहावे, अशी आमची सूचना आहे.

आता इस्पितळात जाऊ. वैद्यकातील पुष्कळसे शब्द ग्रीक घडणीचे आहेत, आणि त्यांच्या अखेरी ओळखता आल्या तर निम्मी भीती जाते. ‘आयटिस’ म्हणजे त्या अवयवाचा दाह, सूज: अपेंडिसायटिस, टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस. ‘स्कोपी’ म्हणजे आत डोकावून पाहणे. ‘ओटोमी’ म्हणजे छेद देणे, उघडणे. ‘ओस्टोमी’ म्हणजे बाहेर वाट काढून देणे. आतड्याला पोटावर वाट काढून दिली की ती कोलोस्टोमी. आणि ‘एक्टोमी’ म्हणजे कापून काढून टाकणे: टॉन्सिलेक्टोमी म्हणजे टॉन्सिल काढणे, हिस्टरेक्टोमी म्हणजे गर्भाशय काढणे. पाहणे, उघडणे, वाट काढणे आणि काढून टाकणे या चार कृतींत केवढे अंतर आहे! आणि शब्दांत मात्र ते अंतर दोन-तीन अक्षरांचेच असते.

हे अंतर किती मोलाचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून दिसून येते. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक स्त्री एका खाजगी दवाखान्यात तपासणीस गेली. तिने ज्या संमतिपत्रावर सही केली, त्यात लॅपरोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने पोटात पाहण्याचा, आणि गरज पडल्यास लॅपरोटोमीचा, म्हणजे पोट उघडण्याचा, उल्लेख होता. ती गुंगीत असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन, तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती ही दुसऱ्या शस्त्रक्रियेची संमती होत नाही. रोगी सज्ञान असेल आणि त्याच्या जीवाला तत्काळ धोका नसेल, तर त्याची शुद्ध येईपर्यंत थांबून त्यालाच विचारले पाहिजे. शस्त्रक्रियेची फी डॉक्टरांस नाकारण्यात आली, आणि २५,००० रुपयांची भरपाई देण्याचा हुकूम झाला. गेलेला अवयव अर्थातच परत मिळाला नाही. परंतु कागदावर स्कोपी आणि ओटोमी हेच शब्द होते, एक्टोमी नव्हता, या गोष्टीला न्यायालयाने वजन दिले, हे विसरता कामा नये.

आपल्या महाराष्ट्रातही २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनास समिती नेमावी लागली. म्हणून आमच्या मायबहिणींस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, इस्पितळात सही मागितली तर शब्दाच्या शेवटावर बोट ठेवून विचारावे, ‘यात पाहणार आहेत, उघडणार आहेत, की काढणार आहेत?’ हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. सज्जन डॉक्टर त्याचे उत्तर आनंदाने देतील.

औषधांच्या नावांचीही अशीच एक व्यवस्था आहे. प्रत्येक कंपनी आपल्या गोळीला मनास येईल ते नाव देते. परंतु त्याच वेष्टनावर औषधाचे खरे, सर्वमान्य नावही छापलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने अशी नावे ठरविण्याची योजना १९५० साली स्वीकारली आणि १९५३ पासून ती चालू आहे. तीत एका कुळातील औषधांना एकच अखेर देण्याची रीत आहे. पेनिसिलिनच्या कुळातील अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन या सर्वांची अखेर ‘सिलिन’. जागा बधिर करणाऱ्या औषधांची अखेर ‘केन’, जसे लिग्नोकेन. रक्तदाबावरील औषधांत एका कुळाची अखेर ‘ओलोल’, दुसऱ्याची ‘प्रिल’.

याचा उपयोग काय? घरातील एखाद्याला पेनिसिलिन सोसत नाही, असे डॉक्टरांनी एकदा सांगितले असेल, तर ‘सिलिन’ अशी अखेर असलेले कोणतेही औषध हाती येताच थांबावे आणि ते देणाऱ्यास विचारावे. मात्र अखेर दिसली नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. सेफालेक्सिनसारख्या दुसऱ्या एका कुळाची खूण ‘सेफ’ अशी नावाच्या आरंभी असते, आणि पेनिसिलिन न सोसणाऱ्यांपैकी काहींना तीही औषधे बाधतात. म्हणून ही विद्या औषध निवडण्यासाठी नाही. वेळेवर प्रश्न विचारण्यासाठी आहे.

शेवटी शेतात येऊ. १७८७ साली फ्रान्समध्ये लाव्हॉझिये व त्याचे तीन सहकारी यांनी रसायनांना नावे देण्याची एक शिस्त घालून दिली. आज इंग्रजीत दिसणारे ‘एट’, ‘आइट’ आणि ‘आइड’ हे प्रत्यय त्याच शिस्तीतून चालत आले आहेत. स्थूलमानाने सांगावयाचे तर ‘आइड’ म्हणजे दोनच मूलद्रव्यांची जोडी. ‘एट’ म्हणजे त्या जोडीत प्राणवायूही सामील. आणि ‘आइट’ म्हणजे प्राणवायू आहे, पण ‘एट’पेक्षा कमी.

आता शेतकऱ्याच्या घरातील दोन पुडे पाहा. सुपर फॉस्फेट हे पिकाचे खत आहे. झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारण्याचे जहर आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या वापरतात, त्यांतील ॲल्युमिनियम फॉस्फाइड हेही तसेच प्राणघातक. फॉस्फरस दोहोंतही आहे. फॉस्फेटमध्ये तो प्राणवायूशी घट्ट बांधलेला असतो, आणि मुळांना अन्न पुरवितो. फॉस्फाइडला ओलावा किंवा पोटातील आम्ल लागले की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. ‘एट’ने शेत पोसले जाते आणि ‘आइड’ने प्राण जातो. म्हणून पुड्यावरचे नाव अर्धवट वाचून डबा फळीवर ठेवू नये, आणि मूळ वेष्टन टाकून देऊन ही द्रव्ये दुसऱ्या डब्यात तर कधीच भरू नयेत. वेष्टन गेले की शब्द गेला, आणि शब्दाबरोबर त्याचे शेपूटही गेले.

तथापि प्रत्यय हा वाटाड्या आहे, न्यायाधीश नव्हे. ‘कुक’ म्हणजे स्वयंपाक करणारा आचारी, आणि ‘कुकर’ म्हणजे मात्र भांडे. येथे ‘अर’ माणसाला न लागता वस्तूला लागला. ‘रेफ्युजी’ म्हणजे आश्रयास आलेला. त्याला कोणी काही दिलेले असो वा नसो. भाषा ही माणसांनी वापरून वापरून घडविलेली वस्तू आहे, आणि वापरलेल्या वस्तूला पोचे पडायचेच. म्हणून प्रत्ययावरून अर्थाचा अंदाज बांधावा, आणि मग शब्दकोश उघडून किंवा जाणत्याला विचारून तो पारखून घ्यावा.

आपल्यात म्हण आहे, हत्ती गेला आणि शेपूट राहिले. इंग्रजी शब्द वाचताना आपण बहुधा हेच करतो. पहिली चार अक्षरे ओळखीची दिसली की शब्द कळला असे वाटते, आणि नजर पुढे सरकते. ही सवय मोडण्यासाठी आम्ही एक सोपा अभ्यास सुचवितो. आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील औषधाचे एखादे पाकीट, बँकेचे पुस्तक आणि खताची रिकामी पिशवी पुढे घ्यावी. शाळेत जाणाऱ्या मुलाने त्यावरील इंग्रजी शब्द मोठ्याने वाचावेत, शेवटच्या अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, आणि आजोबांनी विचारावे, ‘बाळ, हा देणारा की घेणारा? हे खत की विष?’ मुलाला उत्तर आले नाही तर दोघांनी मिळून शब्दकोश पाहावा. औषधाचे पाकीट व खताची पिशवी हाताळून झाल्यावर सर्वांनी हात स्वच्छ धुवावेत, हे सांगावयास नकोच.

पुढील लेखांकात, एकच इंग्रजी शब्द नाम असताना एका तऱ्हेने आणि क्रियापद असताना दुसऱ्या तऱ्हेने कसा उच्चारला जातो, त्याचा विचार करू.